बुर्ग एल्ट्स: जंगल आणि एल्ट्सबाखच्या खोऱ्यातून गोल फेरी कुठून सुरू करावी?

रानवाट

जर्मनीत मोझेल नदीजवळच्या बुर्ग एल्ट्स किल्ल्यावर सप्टेंबरच्या शेवटी जायचं आहे. गाडी लावली, खाली उतरलो, फोटो काढला आणि परत, असं नको. जंगल, ओढ्याचं खोरं, मध्ये किल्ला, आणि शक्यतो गेल्या वाटेने परत येणं टाळायचं आहे. सोबत आठ वर्षांचं मूल आणि साठी ओलांडलेले दोघे. सगळ्यांना चालायची सवय आहे, पण एकाचे गुडघे उतारावर कुरकुरतात. मोझेलकर्न, वीर्शेम की कार्डेन? वेळ किती धरावा? किल्ला आतून बघायचाच आहे.

मोझेलकाठ

कार्डेनहून निघा आणि मोझेलकर्नला उतरा. मोझेलश्टाइग या लांब पल्ल्याच्या वाटेचा ट्राइस-कार्डेन (म्हणजेच कार्डेन) ते मोझेलकर्न हा टप्पा नेमका तसाच जातो, सुमारे १३ किलोमीटर. कागदावर हे वर्तुळ नाही, पण दोन्ही गावांत स्टेशन आहे आणि मध्ये फक्त म्यूडेन हे स्टेशन लागतं. म्हणजे उरलेला तुकडा रेल्वे दहा मिनिटांच्या आत जोडून देते.

गाडी असेल तर ती सकाळी मोझेलकर्नला लावा, आधी रेल्वेने कार्डेन गाठा आणि मग गाडीकडे चालत या. उलट केलंत तर दिवसाच्या शेवटी घड्याळाकडे बघत उतरावं लागतं. मोझेलकर्नला फक्त कोब्लेन्त्स–ट्रीअर मार्गावरची आरबी ८१ ही लोकल गाडी थांबते. जलद आरई गाडी थांबत नाही. परतीची वेळ बघताना हे लोक विसरतात.

दिशा महत्त्वाची आहे ती चढामुळे. कार्डेनहून निघाल्यावर नदीपासून पठारापर्यंत दोनशे मीटरच्या वर चढ आहे, तोही सुरुवातीलाच, पाय ताजे असताना. या उतारावर रानटी बॉक्सवुडची झाडी आहे, जर्मनीत इतकी क्वचितच दिसते. वर आलं की शेतं आणि उघडं पठार. सावली नाही, वारा भरपूर. मग वाट पुन्हा जंगलात शिरते आणि किल्ल्याकडे उतरते. इथवर साधारण आठ किलोमीटर, मुलासकट अडीच-तीन तास. वाटेत पाण्याची सोय नाही असंच धरून चाला आणि माणशी दीड लिटर घ्या.

किल्ल्याखालून पाच किलोमीटर एल्ट्सबाख ओढ्याच्या काठाने. सुरुवातीला पायऱ्या आणि तीव्र उतार, मग जंगलातली बरीचशी सपाट पायवाट. रिंगेलश्टाइनर म्यूले या जुन्या गिरणीपाशी डांबरी रस्ता लागतो, तिथून गाव आणि स्टेशन. हा तुकडा सव्वा ते दीड तासाचा.

धोंडेवाट

वरच्या उत्तराशी सहमत, पण गुडघ्यांचा मुद्दा अजून सुटलेला नाही. कार्डेनच्या बाजूला पायाखाली स्लेटचा घसारा आहे. चढताना तो त्रास देत नाही, उतरताना देतो. ओला असेल तर फारच. म्हणून ही फेरी उलट्या दिशेने करू नका. किल्ल्याखालचा उतार मात्र टळत नाही. काठ्या घ्या, आणि उतरताना त्यांची उंची थोडी वाढवा.

पठाराचा चढ नको असेल तर साधा पर्याय: मोझेलकर्नहून ओढ्याने वर आणि त्याच वाटेने परत, मिळून १० किलोमीटर. गोल नाही, पण माझ्या मते खोऱ्याचा हा तुकडाच सगळ्या फेरीत सरस आहे. दोनदा चालला तरी कंटाळा येत नाही.

खरं बंद वर्तुळ हवं असेल तर वीर्शेमहून निघणारी ‘एल्ट्सर बुर्गपानोरामा’ ही ट्राउमफाड (या भागातली खास आखलेली गोल पायवाट), सुमारे साडेबारा किलोमीटर. २०१३ मध्ये तिला जर्मनीतली सर्वांत सुंदर वाट म्हणून निवडलं होतं. तोटा एकच: किल्ला बघून झाल्यावर, म्हणजे सगळे थकल्यावर, पुन्हा पठारावर चढायचं असतं.

किल्ल्याबद्दल: साधारण एप्रिलच्या सुरुवातीपासून १ नोव्हेंबरपर्यंत उघडा असतो. दालनं फक्त मार्गदर्शकासोबत दाखवतात, पाऊण तासाच्या आत फेरी होते. खजिन्याचं दालन आपलं आपण बघता येतं. आत फोटो काढू देत नाहीत. सुटीच्या दिवशी दुपारी रांग लागते, तेव्हा एकूण दोन तास राखून ठेवा. चालणं साडेचार तास, किल्ला दोन, खाणंपिणं एक. म्हणजे कार्डेनहून साडेनऊच्या पुढे निघू नका. खोरं खोल आहे, तिथे ऊन लवकर जातं.

रानवाट

छान, कार्डेन ठरलं. फोटो कुठून घ्यावा? आणि आदल्या दिवशी पाऊस झाला तर?

मोझेलकाठ

पार्किंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावरून नेहमीचा फोटो मिळतो. तिथून तुम्ही साधारण दक्षिणेकडे बघता, त्यामुळे भर दुपारी ऊन समोरून येतं आणि किल्ला काळा पडतो. ओढा किल्ल्याला तीन बाजूंनी वळसा घालतो आणि खडक सुमारे ७० मीटर उंच आहे, हे वरून बघितल्यावरच कळतं.

समोरच्या उतारावर ट्रुट्सएल्ट्सचे अवशेष आहेत, तेही बघा. ट्रीअरचे आर्चबिशप बाल्डुइन यांनी १३३१ च्या सुमारास एल्ट्सवर मारा करण्यासाठी हा वेढ्याचा किल्ला बांधला. एवढ्या जवळून मारा होऊनही मूळ किल्ला उभा राहिला, आणि आजही त्याच एल्ट्स घराण्याकडे आहे. (जुन्या ५०० मार्कच्या नोटेवर हाच किल्ला होता.)

धोंडेवाट

पावसानंतर ओढ्याकाठी चिखल, ओली मुळं आणि शेवाळलेले दगड. स्पोर्ट्स शूज पुरत नाहीत, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. वादळ झालं असेल तर आधी चौकशी करा, कारण झाडं पडली की खोऱ्यातली वाट बंद करतात. तसं झालं तर किल्ल्यावरून वर पार्किंगला जा. डांबरी रस्त्याने आठशे मीटर, आणि हंगामात छोटी बसही चालते. पण गाडी मोझेलकर्नला असेल तर पुढचं वाहन आधीच बघून ठेवा.

गोचिडी सप्टेंबरमध्येही असतात. लांब पॅंट, तिच्यावर ओढलेले मोजे, आणि संध्याकाळी मुलाची मान, काखा, गुडघ्यामागचा भाग तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, पिरगळू नका. नंतरच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांकडे जा.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, खोऱ्यात नेटवर्कवर भिस्त ठेवू नका.