प्रतिसाद: गुलमर्गचा बर्फ आणि कॅमेरा

गुलमर्गला फोटोत बर्फ राखाडी येतो म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +1 वर ठेवा, असा सल्ला या चर्चेत वर आलाय, तो बरोबरच. पण तो आकडा दिवसभर तसाच ठेवू नका. गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवाट शिखराच्या उघड्या उतारावर फ्रेमभर उन्हातला बर्फ असेल तर +1.7 पर्यंत जावं लागतं. खाली काळपट झाडी अर्धी फ्रेम व्यापते तिथे +0.3 सुद्धा पुष्कळ. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटला की बर्फाचा पोत जायची भीती असते, आणि तो रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही) पूर्ण परत येईलच असं नाही. सावल्या निळ्या दिसतात त्या मात्र तशाच राहू द्या, वर निळं आकाश आहे म्हणूनच त्या तशा असतात.

बॅटरी थंडीत लवकर उतरते म्हणून ती आतल्या खिशात ठेवण्याबद्दल बरेच जण बोललेत, पण खरा घोळ होतो तो संध्याकाळी. गारठलेला कॅमेरा बुखारी (खोली तापवायची काश्मिरी शेगडी) पेटलेल्या खोलीत नेला की खोलीतली वाफ काचेवर आणि बॉडीच्या आतही जमते. त्यामुळे दाराबाहेरच मेमरी कार्ड काढून घ्या (नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडलीच जाते!), कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, झिप घट्ट लावा आणि मग आत न्या. दव पिशवीच्या बाहेरून जमेल. दोन तास तरी ती उघडायची नाही, बुखारीजवळही ठेवायची नाही. लेन्सवर बर्फाचे कण बसले तर फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. रबरी ब्लोअर (दाबून हवा मारायचा फुगा) वापरा.