वजन उतरलं, पण अंगातला जोरही गेला

दारव्हेकर_शेतकरी
नमस्कार मंडळी. वय 42, दारव्हा तालुक्यात शेती. शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी वजन कमी कराले सांगितलं. दिवाळीपासून रातचं जेवण बंद केलं, सकाळी पांदणीनं फिरून येतो. वजन 84 वरून 76 वर आलं. पण पोट फारसं हललं नाही, दंड मात्र वाळले. पंप पाठीवर घेऊन फवारणी करतो तर दुपारीच पाय भरून येतात. पोरं म्हणतात जिम लावा, पावडर घ्या. ते परवडत नाही. घरी अंडी चालतात, मटण सणावाराले. दिवसभर शेतात राबतो तो व्यायाम नाही का जी?

पीटी_ताई_अचलपूर
भाऊ, शुगरसाठी वजन उतरवलं हे चांगलंच केलं. पण ते 8 किलो नुसत्या चरबीचे नाहीत, त्यात स्नायूही गेला. अन्न कमी पडलं की शरीर दोन्ही मोडून खातं. स्नायू राखायचा तर पुरेसं प्रथिन पाहिजे आणि अंगावर वाढता भार पाहिजे. तुम्हाला तर हे जास्तच गरजेचं, कारण जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त स्नायूच उचलतो.

शेतातलं राबणं हलकं नाही, मीही शेतकऱ्याचीच पोरगी आहे. पण तोच पंप, तेच निंदण वर्षानुवर्षं केलं की शरीराला त्याची सवय होते. स्नायू वाढतो नेहमीपेक्षा जड उचलल्यावर. त्याला जिम लागत नाही. आमच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, दंड-बैठका आपल्या मातीतल्याच आहेत. आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून: गहू भरलेली थैली छातीशी धरून बैठका, दंड, पाठ सरळ ठेवून जमिनीवरून गोणी उचलणं, वाकून पाण्याची कॅन पोटाकडे ओढणं. प्रत्येकाचे 8 ते 12 वेळा असे 3 फेरे. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपं वाटायला लागलं की थैलीत 2 किलो वाढवा. श्वास रोखू नका.

आता जेवण. मला मनापासून वाईट वाटतं ते हे, की आपण सोयाबीन पिकवतो, सगळं बाजार समितीत नेऊन घालतो आणि ताटात पातळ वरण अन् भाताचा ढीग. सोयाबीनच्या 100 ग्रॅम दाण्यात 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, तूरडाळीत 22. तुमचं वजन 70 वर आणायचं धरलं तर किलोमागे 1.2 ग्रॅम, म्हणजे रोज 84 ग्रॅम तरी गाठा. हिशेब पहा: सोयावडी 50 ग्रॅम (26), दोन अंडी (12), 50 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (11), मूठभर फुटाणे (10), एक ग्लास दूध (8), दीडशे ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी (15). झाले 82, राहिलेले 2 भात-भाजीतून निघतात. पावडर लागली कुठे? भात बंद नका करू, अर्धा करा. रातचं जेवण परत सुरू करा, लवकर आणि हलकं. घरचे सोयाबीनचे दाणे वापरायचे तर रातभर भिजवून पूर्ण शिजवूनच, कच्चे कधीच नाही.

पोटाची चरबी पोटाच्याच व्यायामानं जात नाही, सगळ्या अंगातून हळूहळू उतरते. म्हणून काट्यावर विसंबू नका, बेंबीपाशी टेप लावून दर महिन्याला कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत पाहिजे.

मोर्शीचा_संत्रेवाला
ताई, एवढ्या प्रथिनानं किडनी खराब होते म्हणतात ना?

पीटी_ताई_अचलपूर
किडनी चांगली असेल तर एवढ्यानं होत नाही. पण शुगर काठावर असलेल्यानं आधी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्यावं. किडनीचा त्रास निघाला तर डॉक्टर सांगतील तेवढंच प्रथिन.

आर्णीची_सून
माझ्या सासूबाई 66 च्या. गुडघे दुखतात म्हणून सगळं काम सोडलं. त्यांनी काय करावं?

पीटी_ताई_अचलपूर
हात न टेकता खाटेवरून उठ-बस, 5 वेळा, दिवसातून दोनदा. खाट ठेंगणी असेल तर उंच खुर्ची घ्या. गुडघा सुजत असेल तर आधी दाखवून या. आणि त्यांच्या ताटात रोज वाटीभर घट्ट वरण अन् दही पडतं का, ते तुम्ही स्वतः पहा. सगळ्यांना वाढून उरेल ते खायची सवय आपल्याकडच्या बायांना असते.