पहिली मोटरबोट: बेलायनर, क्विकसिल्वर की बोस्टन व्हेलर? मदत हवी आहे

पाणकावळा
नमस्कार मंडळी. पहिलीच बोट घेतोय. माहितीपत्रकं वाचून आणि व्हिडिओ बघून डोकं पार भंजाळलं आहे. शेवटी तीन नावांवर आलोय: बेलायनर, क्विकसिल्वर आणि बोस्टन व्हेलर. लांबी सोळा ते अठरा फूट. यांतला कोणता ब्रँड चांगला, एवढंच सांगा. आठवडाअखेर बयाणा द्यायचा आहे, त्यामुळे जरा लवकर. आणि "गरजेवर अवलंबून आहे" एवढं कृपया लिहू नका, ते सगळीकडे वाचून झालं.

सागरगोटा
तलाव की समुद्र? माणसं किती? बोट पाण्यातच राहणार की ट्रेलरवर? नवी की वापरलेली? इंजिन कुठलं? एवढं सांगा, मग ब्रँडचं बोलू. याशिवाय कोणी नाव सुचवलं तर ते त्याच्या स्वतःच्या बोटीचं नाव असेल.

खलाशी_काका
व्हेलर घ्या. डोळे मिटून.
१९५८ साली डिक फिशर यांनी पहिली व्हेलर आणली तेव्हापासून त्यांची रीत तीच आहे. बाहेरचं फायबर आणि आतलं फायबर यांच्यामध्ये फोम भरतात आणि सगळं मिळून एकसंध होतं. १९६१ मध्ये लाइफ मासिकात छायाचित्रं आली होती, फिशर बोटीत बसलेले आणि बोट मधोमध करवतीने कापली जातेय. कापल्यावर दोन्ही तुकडे तरंगत राहिले. कुटुंबाला घेऊन पाण्यात जायचं असेल तर याहून वेगळं काय बघायचं?

आस्ते_कदम
काका, व्हेलर उत्तमच आहे, पण न बुडणं ही काही तिची एकटीची मिरासदारी नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २० फुटांखालच्या आउटबोर्ड (म्हणजे मागे बाहेर इंजिन लटकवलेल्या) बोटींना, पाण्याने भरली तरी समतल तरंगत राहील एवढा फोम घालणं सक्तीचं आहे.
धागाकर्त्यासाठी: तुमचे तिन्ही ब्रँड एकाच कंपनीचे आहेत. ब्रन्सविक. मर्क्युरी इंजिनंही त्यांचीच, आणि सी रे पण. म्हणजे एकाच घरातल्या तीन बोटींत तुम्ही निवड करताय. बेलायनर कमी खर्चात पाण्यावर उतरू पाहणाऱ्यांसाठी, क्विकसिल्वर मुख्यतः युरोपीय बाजारासाठी, आणि व्हेलर दणकट म्हणून महाग. त्यामुळे "कोणता ब्रँड चांगला" याऐवजी "कोणता तळ माझ्या पाण्याला चालेल" असं विचारा.

पाणकावळा
धन्यवाद. एकाच कंपनीचे आहेत हे माहीत नव्हतं. मग तर सोपं झालं, तिघांत जी स्वस्त ती घेतो?
सागरगोटा, तलावच आहे. माणसं चार. इंजिन जे बोटीबरोबर येईल ते.

पत्रा_पसंत
तलावच असेल तर फायबरच्या मागे का लागलात? अॅल्युमिनियम घ्या. वजनाला हलकी, त्यामुळे कमी अश्वशक्तीत पळते, काठावरच्या दगडांवर घासली तर पोचा येतो पण तडा जात नाही, आणि जेलकोटची (फायबरवरच्या चकचकीत थराची) उस्तवार नाही. फक्त वेल्डिंगची बघा. रिव्हेटवाल्या वर्षानुवर्षं लाटांवर आपटल्या की रिव्हेट सैल होऊन पाझरतात. लुंड (Lund) हा ब्रँड बघा, तोही ब्रन्सविकचाच.

आस्ते_कदम
हलकी बोट लाटेवर आपटते आणि वाऱ्याला भरकटते हेही सांगा की.

पत्रा_पसंत
तलावात कसल्या लाटा?

आस्ते_कदम
मोठा तलाव आणि दुपारचा वारा हे समीकरण पाहिलं नसेल तुम्ही. उथळ पाण्यावर वारा लांबून येत असेल तर आखूड, उभ्या लाटा उठतात. समुद्राच्या लांब लाटेपेक्षा त्या जास्त हाडं खिळखिळी करतात.

समुद्रकन्या
ब्रँडचं चालू द्या, मी दोन गोष्टी सांगते, त्या कुठल्याही बोटीला लागू आहेत. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवीच. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन तिथेच थांबतं. ती नसेल तर रिकामी बोट गोल फिरत परत त्याच्याच अंगावर येते, फिरत्या पंख्यासकट. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर चालवणाऱ्याने ती अडकवणं सक्तीचं केलं, ते उगीच नाही. दुसरं, इंजिन चालू असताना मागच्या पोहण्याच्या फळीवर कुणालाही बसू देऊ नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. मुलं नेमकी तिथेच जाऊन बसतात.

सागरगोटा
+१. हे प्रत्येक धाग्यात आलं तरी चालेल.
पाणकावळा, निम्मे प्रश्न राहिले. ट्रेलर की पाण्यात? नवी की जुनी?

चकाकी
बोट कुठलीही घ्या, जेलकोटला वर्षातून दोनदा मेण लावा. उन्हाने एकदा पांढरट भुकटी सुटायला लागली की मग नुसतं मेण उपयोगाचं नाही. आधी कंपाउंडने घासा, मग पॉलिश, मग मेण. मशीनचा वेग कमी ठेवा, नाहीतर कडांवरचा जेलकोट जळतो. गडद निळा किंवा काळा रंग टाळा, तो सगळ्यात लवकर फिकटतो. मी गडद रंगावर फार मेहनत घेतली आहे म्हणून सांगतोय.

पाणकावळा
मेणाचं नंतर बघू. सगळ्यांना एकदाच सांगतो: बोट धक्क्याला बांधलेली राहील, ट्रेलर नाही. तलावाला नदी लागते आणि ती खाडीला मिळते, त्यामुळे सुट्टीत समुद्राच्या तोंडापर्यंत मासेमारीला जायचा विचार आहे. तेव्हा माणसं सहा होतील. बाकी तलावच.

सागरगोटा
अहो, मग तलावच कसा? सहा माणसं, खारं पाणी आणि कायम पाण्यात उभी बोट, ही वेगळीच गोष्ट झाली. आत्तापर्यंतचे निम्मे सल्ले यामुळे बदलतात. माझ्याकडून चार मुद्दे, ब्रँड कुठलाही असो.
१. युरोपीय मानकाची पाटी बोटीवर असेल तर अक्षर बघा. डी म्हणजे वारा ब्युफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची मोजपट्टी) ४ पर्यंत आणि लाट ०.३ मीटरपर्यंत, अधूनमधून ०.५. सी म्हणजे वारा ६ पर्यंत आणि लाट २ मीटरपर्यंत. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी वाऱ्याच्या विरुद्ध निघालं की डीची हद्द क्षणात संपते.
२. त्याच पाटीवर माणसांचा आकडा आणि एकूण वजन असतं. सोळा फुटी बोटीत सहा माणसं बसवता येतात याचा अर्थ ती तेवढ्यांना घेऊन समुद्रात जावी असा नाही.
३. खाऱ्या पाण्यात उभी राहणार तर तळाला अँटीफाउलिंग रंग (शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा) आणि झिंक किंवा अॅल्युमिनियमचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे). गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे चालतात, ते खाऱ्यात झपाट्याने खाऊन जातात. तुम्ही दोन्हीकडे जाणार, म्हणजे अॅल्युमिनियम.
४. इंधनाचा एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. ९० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण ३० ते ३५ लिटर पितं. टाकी किती लिटरची, हे विचारलंत का?

खलाशी_काका
बघा, समुद्र निघाला ना? मी आधीच म्हणालो होतो, व्हेलर.

पत्रा_पसंत
कायम खाऱ्या पाण्यात उभी राहणार असेल तर अॅल्युमिनियमचा आग्रह मी मागे घेतो. धक्क्यावर शेजारच्या बोटींच्या किनाऱ्यावरच्या विजेच्या जोडणीतून गळती करंट असला तर धातूचा तळ खाल्ला जातो. मात्र ट्रेलर ठेवायचं ठरलं तर माझं मत तेच.

आस्ते_कदम
तळाबद्दल लिहितो, कारण ब्रँडपेक्षा खरा फरक तिथे आहे. खोल व्ही तळाची किमया १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत दिसली. रे हंट यांच्या आराखड्याची, डिक बर्ट्राम यांची मॉपी ही बोट खवळलेल्या समुद्रात सगळ्यांच्या पुढे आली. तळाचा व्ही मागच्या टोकाला २० अंशांहून जास्त ठेवला की बोट लाट कापते. पण तीच बोट थांबल्यावर डुलते, आणि वेगात पाण्यावर वर उचलून सरकायला जास्त ताकद मागते. बेलायनर एलिमेंटचा एम आकाराचा तळ याच्या उलट आहे. कडेला उभं राहिलं तरी कलत नाही, पोहायला आणि मुलांना घेऊन तलावात फिरायला फार छान. तोच तळ आखूड लाटेवर वेगाने नेला की मणक्याला कळतं. म्हणजे तुमच्या तलावाला एक बोट आणि खाडीच्या तोंडाला दुसरी बोट लागते. वर्षातला जास्त वेळ कुठे जाणार आहे ते तुम्हीच ठरवा.

खलाशी_काका
आस्ते_कदम यांचं तळाबद्दलचं पटतं, फोमबद्दलचं नाही. सक्तीचा फोम ठिकठिकाणी ठोकळ्यांसारखा बसवलेला असतो. व्हेलरमध्ये फोम हाच बोटीचा सांगाडा आहे. दणका बसला की कळतं.

आस्ते_कदम
मान्य. पण जुनी व्हेलर असेल तर तिचं वजन करून घ्या. कुणी डेकला भोकं पाडून ती नीट बुजवली नसतील तर वर्षानुवर्षं पाणी फोममध्ये मुरतं आणि ते काढणं महाकठीण.

सागरगोटा
पाणकावळा, जुनी की नवी, हे अजून सांगितलं नाहीत.

पाणकावळा
क्विकसिल्वर नवी, मर्क्युरी ९० सह. व्हेलर जुनी, आउटबोर्ड नवीन बसवलेलं. बेलायनर वापरलेली, इंजिन आत आहे आणि मागे पाय बाहेर येतो तो प्रकार. तीच सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून तिच्यावर मन बसलंय. बयाणाही तिचाच मागताहेत.

सागरगोटा
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतंत. बयाणा थांबवा.
तो प्रकार म्हणजे स्टर्नड्राइव्ह. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने अॅक्वामॅटिक आणला तेव्हापासून तो चालत आलाय, आणि ट्रेलरवर राहणाऱ्या, गोड्या पाण्यातल्या बोटीला आजही छान आहे. तुमची बोट मात्र कायम पाण्यात राहणार. इंजिन आणि बाहेरचा पाय यांच्यामध्ये रबराची घडीदार नळी असते, तिला बेलो म्हणतात. ती पाण्याखाली असते. रबर कडक होऊन चिरलं की पाणी थेट बोटीत येतं, बोट उभ्या जागी बुडू शकते. आउटबोर्ड तुम्ही उचलून पाण्याबाहेर ठेवू शकता, स्टर्नड्राइव्हचा पाय पूर्ण बाहेर येत नाही. वर तो अॅल्युमिनियमचा, खाऱ्या पाण्यात सतत बुडालेला. विकणाऱ्याला विचारा बेलो शेवटचे कधी बदलले, आणि पावती मागा.

आस्ते_कदम
सहमत. आणि वापरलेल्या फायबर बोटीचा ट्रान्सम (मागची उभी भिंत) हातोडीच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. पक्कं करायचं तर सर्व्हेयर बोलवा, तो ओलावा मोजेल. इंजिनाची कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या दाबाची) चाचणीही करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एकच खाली असेल तर त्यात दोष आहे.

पाणकावळा
म्हणजे बेलायनर बाद. मग क्विकसिल्वरला ९० पुरेल का? विक्रेता म्हणतो ११५ घ्या.

सागरगोटा
बोटीच्या पाटीवरची कमाल अश्वशक्ती परवानगी देत असेल तर सहा माणसांसाठी ११५ घ्या. मर्क्युरीची ७५, ९० आणि ११५ ही २.१ लिटरच्या एकाच ब्लॉकवर आहेत, वजन जवळपास सारखंच, साधारण १६३ किलो. म्हणजे मागे जादा भार पडत नाही. ९० वर सहा माणसं घेऊन बोट वर उचलायला झगडेल आणि तुम्ही सारखे पूर्ण थ्रॉटलला राहाल.
चाचणीला एकटे जाऊ नका, सहाही माणसं आणि भरलेली टाकी घेऊन जा. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे कंपनीच्या पुस्तिकेतल्या पट्ट्यात यायला हवेत. कमी पडले तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो पुढे जाईल ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. बोट ताब्यात घेण्याआधी विक्रेत्याकडून पंखा बदलून घ्या, नंतर तो तुमच्या खिशातून जातो. आणि व्हेलरही त्याच दिवशी, त्याच माणसांना घेऊन चालवा.

पाणकावळा
विक्रेत्याला आत्ताच फोन केला. बेलायनरचा बयाणा देत नाही म्हटलं. क्विकसिल्वर ११५ सह चाचणीला मिळेल, व्हेलरवाल्याशी उद्या बोलतो. वजन करून देतो का ते विचारतो. मदतीबद्दल सगळ्यांचे आभार.

नवा_गडी
इथेच विचारतो. मला इव्हिनरूड ई-टेक इंजिन लावलेली जुनी बोट मिळतेय, चांगल्या अवस्थेत. घेऊ का?

आस्ते_कदम
ते बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने २०२० मध्ये इव्हिनरूड आउटबोर्डचं उत्पादन बंद केलं. इंजिन वाईट नाही, पण तुमच्या जवळ ते जाणणारा मेकॅनिक आणि सुटे भाग आहेत का हे आधी शोधा, नंतर बोट बघायला जा. आणि वेगळा धागा काढा. कुठे चालवणार, पाण्यात ठेवणार की ट्रेलरवर, हे पहिल्याच ओळीत लिहा.