आंब्याखाली लॉन टिकत नाही, तिथे काय लावू?

मागचं_अंगण: तळेगावला घरामागे जुना रायवळ आंबा आहे, त्याच्याखाली 10 बाय 15 फूट जागा. दोनदा लॉन लावलं, दोन्ही वेळा आधी पिवळं पडलं आणि मग पावसात नुसता चिखल आणि शेवाळ. सकाळी तासभर तिरकं ऊन येतं तेवढंच. बारमाही हिरवं राहील, फार लाड करावे लागणार नाहीत आणि घरच्या घरी वाढवता येईल असं काही सुचवा ना. नर्सरीवाला म्हणतो डोळे झाकून वेडेलिया (जमिनीवर पसरणारा पिवळ्या फुलांचा वेल) लावा. लावू का? जून तोंडावर आलाय म्हणून घाई.

खुरपं_आणि_मी: लावा की, वेडेलियाला मरण नाही. वीतभर कांडी घ्या, खालची पानं खुडा, दोन पेरं मातीत जातील अशी तिरकी खोचा, पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांत मुळं धरते. सावलीत पिवळी फुलं मात्र फारशी येणार नाहीत आणि वेल लांबट होतो.

ओढ्याकाठचा: ताई, नका लावू. मरण नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. मी छाटलेली वेडेलिया पोत्यात भरून ओढ्याकाठी टाकून आलो (अक्कल!), पुढच्या पावसाळ्यात सगळा काठ पिवळाधमक, कारण प्रत्येक पेराला मूळ फुटतं. अमेरिका खंडातलं झाड हे, जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत आहे. वर आमच्या आईने ते पिवळा माका समजून तेलात घालायला खुडून आणलं होतं, दिसायला जवळचंच आहे ना.

तुमच्या सावलीला मोंडो ग्रास घ्या. नावात ग्रास आहे पण गवत नाही, आपल्या शतावरीच्या कुळातलं आहे. वाढ एकदम संथ, पण कापायची कटकट नाही. याला कटिंग चालत नाही, ठोंब फोडायचा. पिशवीतून काढा, मुळं बादलीत धुवा म्हणजे फुटवे वेगळे दिसतात, मुळांना शेंगदाण्याएवढ्या गाठी असतात त्या तोडू नका. हातानेच ओढून दोन-तीन पात्यांच्या जुड्यांचा एकेक फुटवा करा, पाती लांब असतील तर निम्मी कापा, आणि सहा-सहा इंचावर लावा. पांढरा बुडखा मातीच्या वर राहू दे, गाडला की कुजतो.

मागचं_अंगण: बापरे, सहा इंचावर म्हणजे 150 चौरस फुटांना 600 फुटवे?? एका पिशवीत सात-आठ निघतील म्हटलं तरी ऐंशीच्या आसपास पिशव्या झाल्या! आणि आंब्याची मुळं वर आलीत, खणू कसं?

ओढ्याकाठचा: सगळं एकदम कशाला, यंदा बुंध्यापासून दोन फूट सोडून 50 चौरस फुटांचा तुकडा करा, 25-30 पिशव्यांत भागेल. दोन वर्षांनी त्याचेच ठोंब फोडून पुढे सरका. कुदळ अजिबात नको, मुळांच्या मधल्या खळग्यांत खुरप्याने भोक पाडा, मूठभर कुजलेलं शेणखत घाला, झालं. वरून मातीचा थर ओतू नका, आंब्याला त्रास होतो.

गच्चीतली_काकू: उरलेल्या जागेत तोवर स्पायडर प्लांट सोड गं. त्याच्या तुऱ्यांना पिल्लं येतात ती मातीवर टेकवून तारेच्या पिनेने दाबायची, मूळ धरलं की आईपासून कापायची. माझी एका कुंडीची चाळीस झाली, आता शेजारणी मला बघून दार लावतात. आंब्याची पानं मात्र दर आठवड्याला वेच, ओल्या पानांखाली सगळं सडतं.

मागचं_अंगण: ठरलं, 30 पिशव्या मोंडो. स्पायडरची पिल्लं काकू तुमच्याकडूनच नेते. पण नर्सरीवाल्याने वेडेलियाच्या दोन पिशव्या फुकट गळ्यात मारल्यात, त्यांचं काय करू?

ओढ्याकाठचा: गच्चीवर कुंडीत ठेवा, ऊन असेल तर फुलंही येतील. खाली लोंबायला लागली की कापा आणि कापलेलं कंपोस्टमध्ये टाकायच्या आधी पत्र्यावर कडक वाळवा. ओढ्याकडे फिरकू नका.