मदत हवी आहे: टेकडीवरच्या रोपांना वाळवी लागलीय

नमस्कार मंडळी. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाताना आम्ही काही जण पाण्याच्या बाटल्या घेऊन जातो आणि गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपं जगवतो. बहुतेक निवृत्त माणसं. उत्साह भरपूर, गुडघे बेताचे.

बहावा, पळस, कडुनिंब बरे आहेत. पण मातीचा थर जेमतेम वीतभर, खाली मुरूम, त्यामुळे उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून आळ्यात गिरिपुष्पाचा पालापाचोळा घालतो. आता नेमकी तिथेच वाळवी दिसतेय. बहाव्याच्या बुंध्यावर बोटभर उंच मातीचं अस्तर होतं. नखाने खरवडलं तर आतली साल ओलसर, हिरवी निघाली. म्हणजे अजून जीव आहे.

एकाने क्लोरपायरिफॉस हे विषारी कीटकनाशक ओतायला सांगितलं. तिथे मोर हिंडतात, कुत्री हुंगत फिरतात, त्यामुळे ते नकोच.

पाचोळा पूर्ण काढावा, की बुंध्यापासून थोडा लांब सारला तरी चालेल? गेरू-चुना इतक्या कोवळ्या खोडाला लावतात का? निंबोळी पेंड रोपामागे किती घालावी, आणि पाणी इतकं कमी असताना तिचा उपयोग होतो का?

माळरानावर झाडं जगवलेल्यांनी कृपया सांगा. कुंडीतले उपाय इथे चालत नाहीत.