नाणेघाट पावसाळ्यातच? इथे थोडा असहमत

वर एकांनी लिहिलंय की जुन्नरला सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री आणि जाता जाता अर्धा तास नाणेघाट (तिथली जुनी घाटवाट), तोही पावसाळ्यातच. शिवनेरी-लेण्याद्री एका दिवसात होतं, मान्य. पण पावसाळ्यात नाणेघाटला धुकं, गर्दी आणि कणसांच्या गाड्या एवढंच हाती लागतं. लोक दगडी रांजणाशी फोटो काढतात आणि गुहेत पावसाचा आडोसा म्हणून शिरतात.

खरा ऐवज त्या गुहेतच आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी या प्राचीन लिपीतला लेख आहे: अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (तेव्हाची नाणी) यांचे आकडे. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि खाली कुठेकुठे पावलांचे अवशेष, बस्स. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा आधी नुसता खडबडीत दगडच दिसला. मग मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता भिंतीलगत आडवा धरला आणि अक्षरं उठून आली! ब्राह्मीत दोनचा आकडा म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा, एवढं माहीत असलं तरी मुलं शोधत बसतात. शून्य मात्र सापडणार नाही. दहा, शंभर, हजार यांना तेव्हा वेगळी चिन्हं होती. आमचे दोन तास तिथेच गेले, लेण्याद्री राहिलं. आणि हो, भिंतीला हात लावू नका, खडूने अक्षरं गिरवणं तर नाहीच नाही.