मदत हवी आहे: बंद पेट्रोल पंपाच्या जागेतल्या जमिनीखालच्या टाक्या कशा काढायच्या?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून कराडकडे जाताना हायवेला लागून माझ्या सासऱ्यांची जागा आहे. साठच्या दशकात ती एका तेल कंपनीला भाड्याने दिली आणि तिथे पंप उभा राहिला. करार संपल्यावर प्रकरण कोर्टात रेंगाळलं, आता कुठे ताबा मिळालाय. कंपनीने मशिनं नेली, छत उतरवलं, पण जमिनीखालच्या तीन टाक्या तशाच सोडल्या. दोन पेट्रोलच्या, एक डिझेलची, प्रत्येकी वीस हजार लिटरची. ताबापावतीत त्यांचा उल्लेखही नाही. टाकीतली वाफ बाहेर सोडणारे व्हेंट पाइप मात्र अजून उभे आहेत.

दीरांना तिथे टायरचं दुकान आणि मागे गोडाऊन बांधायचं आहे. एक भंगारवाला रोज फोन करतो. म्हणतो, "टाक्या मी काढून नेतो, वर तुम्हालाच पैसे देतो. जेसीबी माझा. खड्ड्यातच गॅस कटरने तुकडे करू, दोन दिवसांत जागा मोकळी." घरात सगळ्यांना हे पटलंय. टाक्या रिकाम्या आहेत, मग धोका कसला, असं सगळे म्हणतात. मला मात्र त्या कटरची धास्ती वाटते.

दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. आमच्या जागेच्या उताराला शेजारच्या अण्णांची विहीर आहे आणि मागची सगळी वस्ती तिचंच पाणी पिते. इतक्या वर्षांच्या लोखंडी टाक्या गळल्या असतील तर ते पाण्यात उतरलं असेल का? अण्णा म्हणतात, पाण्याला वास नाही, चव बदललेली नाही. एवढ्यावर विसंबायचं का? बांधकामाची घाई मला नाही. वस्तीतली लहान मुलं हे पाणी पितात, तेवढं आधी नीट कळायला हवं.

टाक्या कोणाकडून काढून घ्यायच्या, कुठे कळवायचं, माती-पाणी कसं तपासायचं आणि खर्च कंपनीकडून मागता येतो का? ज्यांनी हे काम पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १ (टाकी सफाईच्या कामात बरीच वर्षं काढलेला)

ताई, तुमची धास्ती अगदी रास्त आहे. भंगारवाल्याला आजच नाही म्हणा. जेसीबीसुद्धा आत येऊ देऊ नका.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीवर उडते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेट घ्यायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत तळाच्या गाळातून वाफ सुटत राहते आणि हवाही आत असते, म्हणजे नेमकं नको ते मिश्रण. ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड. खड्ड्यात उतरून बसते, वाऱ्याने सहज जात नाही. अशा खड्ड्यात कटर पेटवणारा माणूस वर येत नाही. वेल्डिंग-कटिंगवाली गरीब पोरं यातच जातात, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

कायद्यानेही पेट्रोल साठवलेल्या टाकीवर गॅस-फ्री सर्टिफिकेट (आत पेट घेणारी वाफ उरलेली नाही असा दाखला) असल्याशिवाय कटिंग करता येत नाही. ते सक्षम व्यक्तीने तपासून लेखी द्यावं लागतं. पेट्रोलियम कायदा १९३४ चा, नियम २००२ चे, आणि अंमलबजावणी पेसोकडे, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे. मुख्यालय नागपूरला, आपल्या भागासाठी कार्यालय नवी मुंबईत. पंपाचा फॉर्म १४ मधला परवाना त्यांनीच दिलेला असतो. तो परत केला गेला का, ते लेखी विचारा. जागेचा मंजूर नकाशाही मागा. टाक्या नेमक्या कुठे, किती खोल, पाइप कुठून गेलेत, हे त्यावर कळतं.

काम असं चालतं. आधी उरलंसुरलं तेल हवेवर चालणाऱ्या पंपाने उपसायचं, पाइपांतलंही टाकीत उतरवून घ्यायचं. मग नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून आतला ऑक्सिजन हटवायचा आणि वर, मधे, तळाशी वायू मोजणारा मीटर लावून बघायचं. एक ध्यानात ठेवा, असा वायू भरलेल्या टाकीत डोकावणंही जीवघेणं आहे, तिथे श्वास घ्यायला काहीच नसतं. व्हेंट पाइप शेवटपर्यंत ठेवायचे. टाकी अखंड उचलून बाहेर काढायची, कापाकापी नंतर, दूर, मोकळ्यावर, आणि मीटर पुन्हा लावून.

तळाचा गाळ ओढ्यात किंवा शेतात टाकू देऊ नका. टाक्या जुन्या आहेत. शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली पूर्ण बंद झालं, त्याआधीचं शिसं या गाळात असू शकतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार तो मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंदपावती) करूनच अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो. तुम्हाला पुण्याजवळचं रांजणगावचं घातक कचरा केंद्र जवळ पडेल. मॅनिफेस्टची प्रत जपून ठेवा.

आणि हे पावसाळ्यात काढू नका. जमिनीत पाणी चढलं की वीस हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला खालून वीस टनांच्या आसपास रेटा बसतो. वरची माती काढलीत तर टाकी आपोआप वर येऊन पाइप तोडते.

प्रतिसाद २ (भूजलाचं काम करणारी)

विहिरीबद्दल लिहिते. "वास नाही" यावर अजिबात विसंबू नका. पेट्रोलमधलं बेंझीन कॅन्सरकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम दिली आहे, आणि पाण्यातला त्याचा वास नाकाला कळतो साधारण १० मिलिग्रॅमला. मधे हजारपटीचं अंतर आहे.

ग्रामपंचायत करते त्या तपासणीत क्षार, कडकपणा, नायट्रेट, जिवाणू कळतात. बेंझीन त्यात दिसत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला बेंझीन-टोल्युइन-झायलीन, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन) आणि शिसं, असं नावं घेऊन सांगा. नमुन्याच्या काचेच्या कुप्या त्यांच्याकडूनच घ्या. काठोकाठ भरायच्या, हवेचा बुडबुडा राहता कामा नये, बर्फात ठेवून लगेच पोचवायच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून दोन दिवस गाडीत ठेवलेलं पाणी तपासलं तर अहवाल चांगलाच येणार, पण त्याला अर्थ नाही.

आपल्याकडे खाली बेसाल्ट. पाणी मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून जातं, त्यामुळे जवळची विहीर स्वच्छ आणि लांबचं बोअर खराब, असंही घडतं. आसपासची सगळी बोअर यादीत घ्या. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पातळीबरोबर वर-खाली होतं, म्हणून एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासा. टाक्या निघाल्यावर प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांखालची, तेल भरायच्या तोंडाजवळची आणि पाइपांखालची माती वेगवेगळी घ्या. गळती बहुतेकदा सांध्यांतून असते. माती काळपट दिसली, वास आला, तर तीच परत खड्ड्यात लोटू नका.

अहवाल येईपर्यंत वस्तीने प्यायला दुसरं पाणी घेतलेलं बरं.

प्रतिसाद ३ (वकील)

खोदण्याआधी कंपनीला रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने नोटीस द्या, प्रत जिल्हाधिकारी, पेसो आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागा मिळाली तशा चांगल्या स्थितीत परत द्यायची असते. ताबापावतीत टाक्यांचा उल्लेख नाही म्हणजे तुम्ही त्या स्वीकारल्या, असा युक्तिवाद ते करतील. म्हणून "टाक्या आम्ही स्वीकारलेल्या नाहीत" हे वाक्य नोटिशीत स्पष्ट हवं. सोबत रोजच्या डिप नोंदी (काठी बुडवून मोजलेल्या टाकीतल्या तेलाच्या पातळीच्या) आणि साठ्यातल्या तुटीची रजिस्टरं मागा. गळती असेल तर ती तिथेच सापडते.

प्रदूषण निघालं तर भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याचा खर्च मागायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. मुदत पाच वर्षांची. प्रदूषण करणाऱ्याने नुकसानभरपाईसोबत पर्यावरण पूर्ववत करण्याचाही खर्च द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रदूषण प्रकरणात १९९६ लाच सांगितलंय. मात्र भंगारवाल्याने टाक्या आधीच उचलल्या तर तुमच्या हातचा पुरावा गेला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. दीरांनी माझ्यासमोरच भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. अण्णांशीही बोलले, पाण्याचे नमुने त्यांच्या समोरच घ्यायचं ठरलंय आणि अहवालाची एक प्रत त्यांच्याकडे राहील. नोटिशीचा मसुदा तयार होतोय.

एक शंका उरली आहे. डिझेलची टाकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला अगदी खेटून आहे. ती काढताना पाया खचला तर?

प्रतिसाद १

तिथे ओढून काढायचा हट्ट नको. टाकी साफ करून, गॅस-फ्री करून, आत वाळू किंवा सिमेंटचा पातळ गारा ठासून जागेवरच कायमची बंद करता येते. पोकळी राहू द्यायची नाही, पाइप तोडून तोंडं बंद करायची आणि जागा नकाशावर नोंदवायची. मात्र भरण्याआधी टाकीच्या बाजूला बोअर घेऊन खालच्या मातीचा नमुना घ्या, नंतर तिथे पोचता येणार नाही. आणि भिंतीजवळ काहीही खोदण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलवा.